सत्तावन्न अधिक दोन

१२ जानेवारी

चिरंजीव,

तुझे कार्ड मिळाले. त्यावर चार ओळी आहेत, त्यांतल्या दोन तुझ्या पत्त्याच्या. म्हणजे मला उद्देशून दोनच उरतात : ‘बाबांची नाव मला हवी आहे. आहे तशी पाठव.’ तुझे वडील गेल्यानंतर तू मला लिहिलेली ही पहिली वाक्ये. मागणी आणि हुकूम यांच्या मध्ये तुला मायन्याचीही गरज वाटली नाही.

‘आहे तशी’ पाठवता येणार नाही. का, ते सांगते. कारण नसताना नकार देण्याची सवय मला नाही, तुझ्या आत्याने तुला काहीही सांगितले असले तरी.

जेवणाच्या खोलीतले टेबल अजूनही भिंतीशी उभे केलेले आहे. जिथे आपण तिघे जेवत असू, तिथे दोन लाकडी घोड्यांवर ती नाव, म्हणजे एकट्याने वल्हवायची कायाक, आडवी पडली आहे आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवते. बूड पूर्ण झाले आहे. तुझ्या वडिलांनी पट्टीला पट्टी अशी चिकटवली आहे की सांध्यात नख शिरत नाही. हे मी खूप शोधून पाहिल्यावर लिहिते आहे. खिळ्यांची छिद्रे त्यांनी दाढ भरावी तशी भरली. आयुष्यभर लोकांचे दात कोरलेला माणूस; लाकडालाही त्यांनी पेशंटच केले होते. ‘जरा आ करा’ असे ते पट्टीला म्हणत. मी ऐकले आहे.

वरचा भाग, म्हणजे डेक, तयार आहे, पण वेगळा. तो झाकणासारखा बुडावर नुसता ठेवलेला आहे, आणि तो अखंड आहे. त्यात कॉकपिट कापलेले नाही. माणूस आत शिरणार कुठून आणि बसणार कुठे, हे अजून ठरलेले नाही. तेव्हा तू जिला नाव म्हणतेस, ती सध्या एक लांबट, सुबक पेटी आहे.

तुला वाटेल, मधोमध भोक पाडले की झाले. बहुतेकांना असेच वाटते, आणि बहुतेकांच्या नावा तशाच चालतात. पाणी नावेला ज्या बिंदूतून वर उचलून धरते, त्याच्या नेमके वर बसणाऱ्याचे वजन आले पाहिजे. कॉकपिट बोटभर मागे गेले तर नाव नाक वर करून भटकते. बोटभर पुढे आले तर नाक पाण्यात खुपसते, आणि वारा जिकडून येईल तिकडे तोंड फिरवते. मग वल्हवणारा सबंध दिवस नावेशी भांडतो आणि दोष वाऱ्याला देतो. जहाजांच्या स्थैर्याचा विषय मी जन्मभर शिकवला. माझ्या घरातून वाकडी नाव बाहेर पडणार नाही.

तुझ्या वडिलांनी कॉकपिट का कापले नाही, हे मी त्यांना विचारले होते. शेवटच्या महिन्यांत हातात त्राण नव्हते हे खरे, पण त्याआधी बराच काळ होता.

“कापत का नाही?”

“तिला येऊ दे की.”

“आणि नाही आली तर?”

“मास्तरीणबाई, कवळी करायची तर समोर तोंड लागतंच ना?”

मी म्हटले, मापे पत्राने मागवता येतात. ते हसले. उत्तर नसले की ते हसत, आणि लोक त्यालाच स्वभाव चांगला म्हणत.

तर मापे मी मागवते आहे. कमरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी, बुटाचा नंबर, आणि तुझे आजचे वजन. सकाळचे, उपाशीपोटी, अंगावर वल्हवताना असतात तेवढेच कपडे. अंदाज नको.

आई

३० जानेवारी

चिरंजीव,

पायांची मापे पोचली. बुटाचा नंबर पोचला. ज्या चिटोऱ्यावर तू ती लिहिली आहेस त्यावर क्लोरिनचा वास आहे, त्यावरून अजूनही त्याच तरणतलावावर लहान मुलांना हातपाय मारायला शिकवतेस असे दिसते. ठीक आहे. कुणीतरी ते करायलाच हवे.

आणि शेवटी : ‘वजन सोडून काहीही विचार.’

मी दुसरे काही विचारू इच्छित नाही. मला तुझ्या आयुष्याचा हालहवाल नको आहे. तो मिळण्याची आशा मी केव्हाच सोडली. मला एक आकडा हवा आहे. तो तुझ्या डॉक्टरला माहीत आहे, तुझ्या आत्याला माहीत असणार, तुझ्या न्हाणीघरातल्या काट्याला माहीत आहे. जिला या आकड्याचे काहीतरी शास्त्रशुद्ध करायचे आहे, तिलाच तेवढा तो कळता कामा नये!

का, हे मला कळत नाही असे समजू नकोस. तुझी आत्या सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरते की मी मुलीला ताटावर नाही, तराजूवर वाढवले. वाक्य चटपटीत आहे. तिच्या घरात चटपटीत वाक्यांना कधी तोटा नव्हता. पण वस्तुस्थिती मी एकदा लिहून ठेवते.

वल्हवण्याच्या शर्यतीत हलक्या वजनाच्या गटाची मर्यादा मी ठरवलेली नव्हती. त्या गटात उतरायचे तुझे तू ठरवलेस. मी फक्त एवढेच दाखवून दिले होते की तुझ्या उंचीला जड गटात तू पाचवी-सहावी येशील आणि हलक्या गटात पहिली. हे मत नव्हते, हिशोब होता. सत्तावन्न हा आकडाही हिशोबानेच आलेला. काटा न्हाणीघरात ठेवला तो तुझ्या सोयीसाठी. रोजची नोंद मी करत असे, कारण तू केलीस तर अर्ध्या किलोची सूट घेशील हे मला ठाऊक होते. आणि घेतली असतीसच.

शर्यतीच्या सकाळी तू पाणी मागितलेस. मी म्हटले, वजन होऊ दे. वजन झाले. त्यानंतर मी बाटली तुझ्या हातात दिली की नाही, याबद्दल तुझ्या आत्याची आठवण आणि माझी आठवण वेगळी आहे.

तू पाण्यात पडलीस, हे मी कधी नाकारले? पण तू शेवटची रेषा ओलांडल्यावर पडलीस. ओलांडल्यावर. निकालात तुझी वेळ नोंदलेली आहे आणि दुसरा क्रमांकही. इस्पितळात तू डोळे उघडलेस तेव्हा मी तुला तेच सांगितले, कारण मला वाटले की तुला तेच ऐकायचे असेल. तू भिंतीकडे तोंड केलेस. तिथून तू सरळ आत्याकडे गेलीस, आणि तुझे वडील दर रविवारी ‘जरा फिरून येतो’ म्हणून निघत व संध्याकाळी तिच्या घरच्या साबणाचा वास घेऊन परत येत. मी कधी विचारले नाही. विचारायला काय जाते, असे तू म्हणशील. मला जाते.

गेल्या वर्षी, त्या दिवशी, तू आलीस ती घोट्यापर्यंतचा सैल कोट घालून. दिवस काही थंड नव्हता. सगळे तुझ्या वडिलांकडे बघत होते, आणि तू तो कोट माझ्यासाठी घातला होतास हे एकट्या मला कळत होते. तुझ्या अंगाची एक रेषाही मला दिसू नये, अशी तजवीज करून तू बापाला निरोप द्यायला आली होतीस.

आकडा पाठव. मी तो कुणाला सांगणार नाही. कुणाला सांगणार, घरात मी एकटी आहे.

आई

१९ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझी सूचना वाचली. डेक बाजूला ठेवून नुसते बूड तलावात सोडायचे, त्यात तू बसायचे, पुढेमागे सरकत राहायचे, आणि नाव पाण्यावर समतल झाली की पाठ जिथे असेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. ‘बाबा म्हणायचे, असंच करायचं, आकडे लागतच नाहीत.’

ही पद्धत अस्तित्वात आहे हे मला ठाऊक आहे. ताप आला की कपाळावर हात ठेवून बघण्याची पद्धतही अस्तित्वात आहे. ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासाठी या पद्धती आहेत, आणि त्या वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण ज्या घरात या विषयावरची दोन पाठ्यपुस्तके लिहिली गेली, त्या घरातल्या नावेत कुणीतरी बसून ढुंगण सरकवत तिची जागा शोधावी, हे मला मंजूर नाही.

शिवाय तू येणार कधी? ‘जमेल तेव्हा.’ हे तुझ्या वडिलांचे वाक्य. या घरातला नळ, गच्चीची गळती आणि माझ्या वाढदिवसाच्या सहली ‘जमेल तेव्हा’वरच वाहून गेल्या. जेवणाच्या खोलीत ही पेटी ठेवून मी तुझ्या जमण्याची वाट पाहावी, इतके माझे वय उरलेले नाही.

तेव्हा मी निर्णय घेतला. कॉकपिट कापले.

पायांची मापे तुझीच घेतली. वजन तू दिले नाहीस म्हणून माझ्याजवळ असलेला शेवटचा विश्वासार्ह आकडा घेतला, म्हणजे सत्तावन्न. मधल्या नऊ वर्षांचा भत्ता म्हणून त्यात दोन मिळवले. हे मी उदारपणे केले, याची नोंद घ्यावी.

काम कसे झाले, तेही सांगते. म्हणजे हलगर्जीपणाचा संशय नको. जागा तीन वेगवेगळ्या रीतींनी काढली. तिन्हींची उत्तरे एका पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत आली. कॉकपिटचा आकार कागदावर काढून, कापून, डेकवर चिकटवला. करवतीचे यंत्र तुझ्या वडिलांचेच. डेक धरायला शेजारचे ड्रायव्हरकाका आले. बस चालवायची सोडल्यापासून त्यांना कुणाच्या ना कुणाच्या कामात हात घातल्याशिवाय अन्न पचत नाही. यंत्र सुरू केले तेव्हा ते डोळे मिटून उभे राहिले. कापलेला तुकडा खाली पडला, मग त्यांनी डोळे उघडले आणि कडेवरून अंगठा फिरवला.

“काय सफाई आहे हो! डॉक्टरांचा हात आला तुमच्यात.”

“डॉक्टरांचा हात नाही काका. माझं गणित आहे.”

“तेच ते. एका घरातलंच ना?”

मी वाद घातला नाही. कॉकपिटभोवतीची उभी कड बसवली, डेक बुडावर ठेवला, आतून-बाहेरून काचकापड आणि रेझीन लावून सांधा कायमचा बंद केला. आता ती पेटी नाही. आता ती नाव आहे, आणि ती सरळ जाईल.

मार्चच्या पहिल्या रविवारी ये. तलावावर आपण ती पाण्यात सोडू. मग ती घेऊन तू खुशाल जा.

आई

११ मार्च

चिरंजीव,

तुझा टॉवेल इथेच राहिला. धुऊन वाळवून ठेवला आहे. चपलेची एक जोडीही, पण ती बहुधा पुन्हा वापरता येणार नाही.

त्या रविवारी जे झाले, त्याविषयी तू तुझ्या आत्याला काय सांगितलेस त्याची मला कल्पना आहे, कारण तिचा फोन आला होता आणि ती ओरडत होती. म्हणून मी क्रमाने लिहिते.

तू वेळेवर आलीस. सैल कोट नव्हता. साधा निळा शर्ट होता. फाटकातून तू आत आलीस तेव्हा... ते राहू दे. तू म्हणालीस, “काय गं, केस पांढरे सोडलेस?” मी म्हटले, “रंगवायला कुणासाठी?” हा एवढा संवाद बरा झाला, असे माझे मत आहे. मग तू जेवणाच्या खोलीत गेलीस आणि नावेच्या अंगावर हात ठेवून पाठमोरी उभी राहिलीस. खूप वेळ. मी घाई केली नाही.

तू पुढचे टोक खांद्यावर घेतलेस, काकांनी मागचे. मी वल्हे घेऊन मागून चालले. काका म्हणाले, “पोरीला ताकद आहे हो! मी नुसता शोभेला.” तू हसलीस. तलावावर वारा बेताचा होता.

तू आत बसायला गेलीस. आधी एक पाय, मग दुसरा. मग तू थांबलीस. मांड्या कडेखालून जात नव्हत्या. तू श्वास सोडलास, अंग चोरलेस आणि खाली सरकलीस. काका म्हणाले, “बसली का?” तू म्हणालीस, “बसवली.”

मग तू वल्ह्याने ढकलून काठापासून छातीभर पाण्यात गेलीस. नाव नाकावर झुकली होती. थोडीशी. वारा आला की नाक वाऱ्याकडे वळवत होती. मी ते टिपून घेतले.

इथपर्यंत सगळे निभावण्यासारखे होते. त्यानंतर जे झाले ते तू केलेस. तू वल्हे आडवे धरलेस आणि मुद्दाम नाव उलटी केलीस. असे करण्याचे काही कारण नव्हते. वर आल्यावर तू म्हणालीस की नव्या नावेत पहिल्यांदा बसले की उलटून बाहेर पडून बघतात, पोरांनाही तेच शिकवते. असेल. पण तू मला आधी सांगितले नव्हतेस. मी काठावर हातात कागद घेऊन उभी होते आणि नावेचे बूड आकाशाकडे तोंड करून तरंगत होते, आणि तू बाहेर येत नव्हतीस.

काकांना आधी कळले. ते कपड्यांसकट धावले. “अहो बाई, अडकलीय ती! या ना!” मी पाण्यात शिरले. गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. आम्ही दोघांनी नाव सरळ केली. तू खोकत होतीस आणि तरीही बसलेली होतीस, कारण त्या कडेने तुला सोडलेच नव्हते. काकांनी नाव धरली, मी तुझ्या काखेत हात घालून ओढले. तुझ्या दोन्ही मांड्यांवर कडेने सोललेल्या पट्ट्या उमटल्या होत्या. नऊ वर्षांत मी तुला हात लावलेला नव्हता, हे मला तेव्हा आठवले. ती वेळ नव्हती, पण आठवले.

काठावर बसल्यावर तू विचारलेस, “किती धरलंस?”

“काय किती?”

“आई. किती धरलंस?”

“एकोणसाठ.”

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलेस. “सत्तावन्न अधिक दोन,” तू म्हणालीस. विचारले नाहीस, नुसते म्हणालीस.

मी म्हटले, “गणित बरोबर आहे.”

हे वाक्य काकांनी सगळ्या गल्लीला सांगितले आहे, आणि तुझ्या आत्यापर्यंतही ते त्यांच्याच कृपेने पोचले असावे. मी ते मागे घेत नाही. दिलेल्या आकड्यांवरून काढलेली जागा बरोबरच होती. आकडा जुना होता. आणि ‘नवा कुणी दिला नाही?’ असे मी विचारू शकते.

तू हसलीस. अगदी तुझ्या वडिलांसारखी. “तुझं गणित कधी चुकलंय गं? त्यात बसणारं माणूसच नेहमी चुकतं.”

मग काकांनी घरून स्कूटर आणली आणि तू ओल्या कपड्यांतच तिच्यावर बसून स्टँडवर गेलीस. मी नाव एकटीने घरी आणली, ओढत. बुडाला चरे पडले आहेत.

टॉवेल पाठवू की इथेच ठेवू, ते कळव.

आई

२ एप्रिल

चिरंजीव,

‘नाव राहू दे. मला नको.’ मिळाले. या वेळी पत्ताही लिहिला नाहीस.

मी त्या पत्रात एका ठिकाणी ‘ते राहू दे’ असे लिहिले होते. तू ते वाचून पुढे गेली असशील. विद्यार्थ्याने उत्तरात असे लिहिले असते तर मी त्याला उभे करून विचारले असते, काय राहू दे? म्हणून मी स्वतःला विचारले, आणि उत्तर लिहायला तीन आठवडे घेतले.

तू फाटकातून आत आलीस तेव्हाच मला दिसले. जहाज धक्क्याला लागण्याच्या कितीतरी आधी, ते भरलेले आहे की रिकामे हे मी सांगू शकते. निळा शर्ट घातलेली माझी मुलगी अंगणातून चालत येते आहे, ती एकोणसाठ किलोंची नाही, हे कळायला मला काट्याची गरज नव्हती. तू सुदृढ दिसत होतीस. खांदे रुंद झाले आहेत. तुझी चाल बदलली आहे. पूर्वी तू जमिनीवर पाय ठेवताना परवानगी मागितल्यासारखी चालायचीस, आता तशी चालत नाहीस. हे सगळे मी फाटक आणि पायरी यांच्या मध्ये पाहिले, आणि त्याच वेळी मला कळले की मी कापलेल्या जागेत तू मावणार नाहीस.

त्यानंतर तू नावेवर हात ठेवून उभी राहिलीस, तेव्हा मी सांगू शकले असते. तलावापर्यंतचा रस्ता लांब आहे. तू पुढे होतीस आणि मी मागे. दर पावलाला सांगू शकले असते. कडेशी तुझ्या मांड्या अडल्या तेव्हा तर ‘थांब’ एवढा एकच शब्द पुरला असता. मी बोलले नाही.

चुकीची कबुली देणे जड गेले म्हणून बोलले नाही, असे तुझी आत्या म्हणेल. ते अर्धे आहे, आणि अर्ध्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिलेले नाहीत. उरलेले अर्धे असे : मला वाटले, तू बसवून घेशील. तू पूर्वी घ्यायचीस. मी आकडा सांगायची आणि तू कशीतरी त्यात मावून दाखवायचीस. तू श्वास सोडलास, अंग चोरलेस आणि खाली सरकलीस, तेव्हा मला, काठावर, समाधान वाटले. ते किती वेळ टिकले ते तुला ठाऊक आहे. तू पाण्याखाली होतीस आणि काका धावले, तोपर्यंत.

हे वाचून तुला काय वाटावे, याबद्दल मी काही सुचवत नाही.

आता कामाचे. सांधा मी उघडला. रेझीन तापवून, सुरीने, एका वेळी वीतभर. काका दोनदा येऊन गेले आणि दोनदा मी त्यांना परत पाठवले. तिसऱ्यांदा ते नुसतेच पायरीवर बसून राहिले, ते चालले. डेक तुटला. तो सुटा होताना लांबीत चिरला आणि मग मी त्याचे राहिलेलेही तुकडे केले. ती कड आणि तिच्यासकट कापलेली जागा आता जगात कुठेही नाही. बुडाला पडलेले चरे मी भरले. हात तुझ्या वडिलांसारखा नाही, ते दिसते. नवा डेक काका आणि मी करतो आहोत. पट्ट्या चिकटवताना ते इतके बोलतात की माझे मोजमाप चुकते, आणि मग पुन्हा मोजावे लागते. तो पुरा व्हायला उन्हाळा जाईल. त्यात जागा कुठे कापायची, ते मी ठरवणार नाही.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बूड तलावावर असेल, ज्या बाजूला पाणी उथळ आहे त्या बाजूला, खुंटीला बांधलेले. काका सकाळी नेऊन ठेवतील आणि निघून जातील. त्यांना तशी शपथ घातली आहे, ती ते किती पाळतील सांगता येत नाही. तू बस. पुढेमागे सरक. हवा तेवढा वेळ घे. तुला नीट वाटेल तिथे पाठीमागे खूण कर आणि गुडघे जिथे मोकळे राहतील तिथे दुसरी. हातापायाला जागा भरपूर ठेव. खूण बरोबर आहे की नाही, हे मी तपासणार नाही. तुला यायचे नसेल तर येऊ नकोस. संध्याकाळी काका ते परत आणतील, आणि त्यापुढच्या रविवारी पुन्हा नेऊन ठेवतील.

मी तिथे नसेन. त्या दिवशी मी तुझ्या आत्याकडे जाणार आहे. मी फोन करून विचारले. ती म्हणाली, “ये. चहा देईन. जेवायचं बघू.” मी तिच्यासमोर बसलेली आहे याची खात्री तू तिला फोन करून करून घेऊ शकतेस; ती तुझ्याशी खोटे बोलणार नाही, हे मान्य करायला मला आवडत नसले तरी.

एक गोष्ट उरते, आणि तीच या पत्राचे कारण आहे.

तलावाचे पाणी गढूळ आहे. नाव त्यात थोडा वेळ उभी राहिली की तिच्या अंगावर पाण्याच्या पातळीला मातीची एक बारीक रेघ उमटते. नाव त्या रेघेपर्यंत बुडाली, म्हणजे तिने किती पाणी बाजूला सारले, हे मला काढता येते. त्यातून बुडाचे वजन वजा केले की तू उरतेस. कागदसुद्धा लागणार नाही, मी ते उभ्या उभ्या करू शकते.

बुडात एक फडके ठेवले असेल. निघण्यापूर्वी ती रेघ पुसून टाक, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी. मी ती मोजणार नाही असे वचन तुला देता येईल. पण तू त्यावर विसंबू नयेस असे मला वाटते. फडके ओले करून, जोर लावून पूस.

आई